क्रुसाखालचा रूबेन

महिना झाला, राग उतरत नाही. रूबेन झिराडकर गेला हे मला शाळेतल्या आम्हा मास्तरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं आणि रडू यायच्या आधी डोकंच फिरलं. फोटोवर क्रूस! खाली, 'प्रभू येशू चिरशांती देवो.' अरे, औरंगपुऱ्यातल्या आमच्या शाळेत ज्याच्या डब्यातला गूळ-खोबऱ्याचा मलिदा सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला, तो बेने इस्रायल, कोकणातला मराठी यहुदी, हे एकालाही ठाऊक नसावं? त्याच फोटोत त्याच्यामागं पितळी मेनोरा, यहुद्यांचा फांद्याफांद्यांचा दिवा, चांगला हातभर दिसतोय...

तो मेनोरा त्याच्या घरी कपाटावर पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बिडकीनचा गडी बोलून गेलो, "ही समई आडवी का वाढली रे?" रूबेन पोट धरून हसला. मग मास्तरचं व्याख्यान सुरू. "हिब्रूत 'नेर' म्हणजे दिवा. मेनोरा म्हणजे दिव्याची जागा. अरबीतला मनारा त्याचा भाऊ, तिथनंच आपला मिनार. मकबऱ्याचे मिनार बघतोस ना जाधव? आमच्या भावकीतले समज." तेव्हापासून शहागंजातनं जाताना मिनार दिसला की मला रूबेनचं कपाट आठवतं.

शोकसभेत तोच क्रूसवाला फोटो, तसबीर करून, हार घालून. मुख्याध्यापक म्हणाले, "मनावर काय घेता सर? भावना महत्त्वाची. त्यांच्यात असंच असतं ना?"

"त्यांच्यात म्हणजे कुणात?" मी ओरडलोच. "इतकी वर्षं शेजारी बसला, एकदा विचारलं नाय तुम्ही!" तसबीर हारासकट उचलली आणि रिक्षात बसलो.

रूबेनची बायको, रिबेकावहिनी, चिंच लावून मेनोरा घासत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "बरं केलंत भावजी. पण त्यांच्यावर इतकं तापू नका. दर पंचवीस डिसेंबरला आमच्याकडं केक यायचा, वर 'हॅपी ख्रिसमस' लिहिलेला. हे गुपचूप घ्यायचे."

"कोण शहाणा पाठवायचा?" माझा पारा परत चढला.

वहिनींचा हात थांबला. "तुम्हीच की."

बेकरीवाल्याला एकदाच कायमचं सांगून ठेवलेलं, पुढं माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं. डिसेंबरात त्यांच्याकडं कसल्याशा सणाचे दिवे लागायचे. मला वाटायचं, यहुद्यांचाही नाताळच असेल. मी तरी कुठं विचारलं?

"मी म्हणायचे, सांगून टाका भावजींना. तर म्हणायचे, जाधव लई तापट. सांगितलं तर वर्षभर स्वतःवरच चिडत बसेल."

वहिनींनी तसबीर उघडली, कात्रीनं क्रूस कापून फोटो मेनोऱ्याला टेकवून ठेवला. चिडलोय, रूबेन. एका वर्षात भागायचं नाही, इतका चिडलोय.