तिरोडकर सर आणि न मारलेले गोल

तिरोडकर सरांना अटॅक शिकवता यायचा नाही.

आज सकाळी सर गेले, म्हणून मी खोटं लिहिणार नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं.

एटीजमध्ये घाटकोपरच्या आमच्या कॉलनीची फुटबॉल टीम होती. सर तिचे कोच. ट्रॉम्बेला नोकरी, मूळचे मालवणकडचे, पायात कायम कॅनव्हासचे बूट. संध्याकाळी कामावरून आले की चहासुद्धा न घेता खाली.

माझा दादा, प्रदीप, त्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. नावाला फॉरवर्ड.

मी आणि कॉलनीतली अर्धी जनता प्रत्येक मॅचला हजर असायचो. घसा बसेपर्यंत ओरडायला.

आमची पोरं पासिंग काय करायची! बघत राहावं असं. या पायाकडून त्या पायाकडे, पार गोलच्या तोंडापर्यंत. समोर गोलकीपर एकटा.

आणि तिथे पोचून पुन्हा पास.

"अरे मार ना!"

"मार रे पद्या! लग्नाची बोलणी करतोयस का तिथे?"

तोवर समोरचा बॉल घेऊन पसार.

सर लाइनवर हाताची घडी घालून उभे. आमच्याकडे वळून म्हणायचे, "धीर धर गो बाय. गोल खंय पळान जाता?"

इतका राग यायचा ना, काय सांगू.

हे असं का होतं ते सगळ्यांना माहीत होतं. प्रॅक्टिस व्हायची तीन बिल्डिंगांच्या मधल्या चौकात. तिन्ही बाजूंना खिडक्या. सोसायटी खेळच बंद करायला निघाली होती, तेव्हा सरांनी मीटिंगमध्ये उभं राहून शब्द दिला. एकही काच फुटणार नाही. फुटली तर त्याच दिवशी खेळ बंद.

झालं. शूट मारायचाच नाही. बॉल सरपटत न्यायचा आणि दोन बांबूंच्या मध्ये अलगद ठेवायचा, देवापुढे नारळ ठेवावा तसा.

काचा वाचल्या. चौक वाचला. पोरांच्या पायातला शूट मात्र मेला. मोठ्या ग्राउंडवर, जिथे लांबवर एक खिडकी नाही, तिथेही कोणाचा पाय उचलेना.

एका सीझनला तर तोवर आमचा एकही गोल झाला नव्हता. शेवटची मॅच राहिली होती, वाकोल्याच्या टीमशी. ती हरलो तर लीगमधून बाहेर.

तिच्या आधीची मॅच हरून पोरं माना खाली घालून परत येत होती. माझा बांध फुटला. सगळ्यांसमोर सरांना विचारलं, "सर, इथे कुठे खिडक्या आहेत? दाखवा ना मला!"

दादा म्हणाला, "गप ना गं."

मी कसली गप बसते! "याला गोल मारता येतो, सर. तुम्ही मारू देत नाही."

सरांनी नेहमीसारखं "धीर धर" म्हटलं नाही.

"तुझा बरोबर आसा," एवढंच म्हणाले आणि चालायला लागले.

रविवारी सकाळी खाली बघते तर बांबू हलवलेले. सर तळमजल्यावर राहायचे. गोल आता थेट त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होता. खिडकीच्या काचा सरांनी काढून टाकल्या होत्या आणि तिथे प्लायवुड ठोकलं होतं.

"आता मारा," सर म्हणाले. "फुटूक काय नाय."

दादाचा पहिलाच शूट प्लायवर धाडकन बसला. आतून तिरोडकर काकू ओरडल्या, "अवो, दचकान भाकरी मोडली माझी!"

त्या दिवसापासून काकू भरदुपारी लाइट लावून स्वयंपाक करायच्या.

तुम्हाला वाटेल, मग आम्ही जिंकलो.

कसलं काय. पोरांना शूट सापडला, पण दिशा सापडायला दिवस कुठे उरले होते? वाकोल्याविरुद्ध जो तो कुठूनही मारत सुटला. बॉल ग्राउंडबाहेर, रस्त्यावर, एकदा केळीवाल्याच्या गाडीवर. आम्ही बोंबलत होतो, "अरे पास दे ना!"

वाट लागली. हरलो. लीगमधून बाहेर.

पण मॅच संपत आली असताना दादाने लांबून एक मारला आणि तो आत गेला. सीझनचा एकमेव गोल. आम्ही नाचत होतो. सर खाली बसून चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. बराच वेळ पुसत होते.

लीगने आम्हाला परत घेतलं नाही. सर फ्रेंडली मॅचेस खेळवत राहिले. नवी पोरं आली, अटॅक तसाच. आम्ही ओरडायचो. खिडकीला प्लायही तसंच राहिलं.

मी ओरडले ते बरोबरच होतं, आजही म्हणते. सरांनी सोसायटीला दिलेल्या त्या शब्दापायी दादाची उमेदीची वर्षं फुकट गेली. आणि तो शब्द दिला नसता तर त्याला टीमच मिळाली नसती. दोन्ही खरं आहे, आणि आज दोन्हीचं रडू येतंय.

सकाळी काकूंना भेटले. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुमी बोंबलायचास ना, तां तेंका आवडायचा."

मला वाटलं, समजूत घालताहेत.

"खरा सांगतंय. घराक येवन म्हणायचे, आज पण लय बोंबलले गो. म्हणजे मन लावन बघतत. उद्या गप रवले तर मी खेळवू कोणासाठी?"

नेण्याआधी सरांना खाली चौकात ठेवलं होतं. त्या वेळची सगळी मंडळी जमली होती. कोण बोरिवलीहून, कोण मुलुंडहून. दादाचे केस पांढरे झालेत, तो सरांच्या पायाशी उभा होता.

एवढी माणसं, आणि कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

सर, आम्ही सगळे आलो होतो. आज फक्त ओरडता आलं नाही.

जड मनाने निरोप.