तिने हात सोडवला, पण ओरडली नाही

मंडळी, मी सहज घाबरणारी बाई नाही. आज घाबरले.

सेनगावजवळच्या शाळेत मुलींना मारामारी न करता स्वतःचा बचाव कसा करायचा ते शिकवत होते. मी मनगट धरायचं, मुलीने माझ्या अंगठ्याच्या बाजूने हिसका देऊन ते सोडवायचं आणि जोरात ओरडायचं.

आठवीतल्या एकीने हात झटक्यात सोडवला, पण तोंड मिटलेलंच.

"काहून ओरडत न्हाईस गं?" मी विचारलं.

"घरी तर लई भांडती, बाई!" बाकीच्या हसल्या.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "शाळेत येता-जाता जीपमधी एक जण हात धरतो. वरडले तर घरी कळंल. मंग शाळाच बंद."

शाळा सुटल्यावर त्याच जीपमध्ये मी तिच्याशेजारी बसून गावापर्यंत गेले. उद्या तिच्या आईवडिलांशी बोलायचंय. भीती त्याचीच वाटतेय.

तुमची लेक ओरडली, तर तुम्ही काय बंद कराल? जीप की शाळा?