गेलेल्यांची मोजणी

दुसऱ्याच्या दुखण्यावर हळहळण्याआधी भागाकार करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या ताईचा नवरा. भावोजी पेशानं डॉक्टर, पण नाडीपेक्षा अपूर्णांकावर जीव. घरच्या बारशाला काही पाहुण्यांची पोटं बिघडली, तेव्हा ताई रडकुंडीला आलेली आणि हे दारोदार विचारत फिरताहेत, "बासुंदी एकूण किती जणांनी खाल्ली? न खाल्लेल्यांतले किती आजारी? अहो, छेद सांगा, छेद!" निम्मे पाहुणे पुन्हा आमच्याकडे जेवायला आले नाहीत. एका जागी बसणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. चहाचा कप घेऊन येरझारा घालायचे, तो कुठंतरी ठेवून विसरायचे आणि दुसरा मागायचे.

ऐंशीच्या दशकात ते बदलीवर भिवंडीला आले आणि इथल्या हवेतला कापसाचा तूस बघून त्यांची झोपच उडाली. इथल्याच नारपोली भागात आमच्या शेजारच्या चाचांचे कापड विणायचे लूम होते. तूस बाहेर ओढणारे पंखे भिंतीत बसवा, म्हणून भावोजी त्यांच्या मागे लागले. चाचा म्हणाले, "बाजारातल्या दुकानदारांपेक्षा माझे कारागीर जास्त खोकतात, हे दाखवा. उद्या पंखे लावतो." भावोजी लूमच्या खडखडाटात ओरडून ओरडून एकेकाला विचारत सुटले. निकाल नेमका उलटा लागला! कारागीर ठणठणीत, दुकानदारच खोकणारे. चाचांनी खुशीत सगळ्यांना फालुदा पाजला. भावोजींनी तो हातात धरून वितळवला.

पुढं कितीतरी दिवस ते नुसते घरभर फिरत होते. मग एकदा कारखान्यात त्यांनी सहज विचारलं, "त्या कोपऱ्यातल्या लूमवरचा हसरा कारागीर कुठाय?"

"तो? गेला मुलुखाला," चाचा म्हणाले. "लय खोकायचा. खोकणारा इथं टिकतो कुठं, डॉक्टरसाब? लूम थोडंच थांबतंय त्याच्यासाठी?"

येरझारा घालणारे भावोजी जागीच थबकले. "म्हणजे मी फक्त उरलेले मोजले!"

त्या दिवसापासून त्यांनी ध्यासच घेतला. नवा कारागीर कामाला लागला की हे त्याची छाती तपासणार, मग महिनोन्महिने त्याची पाठ सोडणार नाहीत. कुणी गाव गाठलं तर का गेला, ते त्याच्या सोबत्यांकडून काढून घेणार. किती वर्षं चाललं हे! गेलेले धरल्यावर हिशेब फिरला, तेव्हा शेवटी चाचांनीच हात जोडले आणि पंखे लागले. पण तोवर भावोजींचीच छाती सुईसुई वाजायला लागली होती. ताईनं हट्टानं त्यांची बदली करून घेतली.

पुढं एक तरुण डॉक्टर पाहणीला आला, तेव्हा मी चाचांकडेच बसलो होतो. त्यानं विचारलं, "इथं कुणाला खोकला आहे का?"

"इथं कुणाला न्हाय," चाचा म्हणाले. "पण जे गेले त्यांना आधी मोज, बाबा. पहिलं नाव आमच्या डॉक्टरसाबचं लिही."

मला भावोजींची फार आठवण आली. चाचांनी चहा मागवला, सवयीनं एक कप जास्तीचा.