सायवनच्या नळावर मी आणलेली शांतता

काय सांगू तुम्हाला, स्वतःविरुद्धच्या तक्रारीला पेढे वाटणारा माणूस तुमच्यासमोर बसलाय!

पाणीपुरवठ्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालो आणि सायवनलाच राहिलो. बायको गेलेली, मुलगी कॅनडात. घरात आवाज म्हणाल तर कुकरचा. तोही तीन शिट्ट्या देऊन गप्प.

दारासमोर नळ. वरच्या आणि खालच्या पाड्याला मिळून तो एकच, म्हणून रोज सकाळी हंड्यांवरून भांडण. मी म्हटलं, माणसं वाईट नसतात, रचना चुकलेली असते. ती सुधारली की शांतता कायमची! आठवडाभर खिडकीत वही घेऊन बसलो. कोण कुणावर का ओरडतं, ते सगळं वहीत नावांमध्ये बाण काढून मांडलं. भांडण संपलं की वही मिटून आंघोळीला.

मग ग्रामपंचायतीच्या मागे लागून नवी लाइन टाकून घेतली. प्रत्येक पाड्यात वेगळा नळ. वरच्यांना सकाळी पाणी, खालच्यांना संध्याकाळी. जुना नळ बंद. भांडण एका दिवसात संपलं. माझ्या दारासमोर मात्र आता कोणी फिरकेना.

महिन्याभराने ग्रामपंचायतीचा शिपाई सांगत आला, रविवारी दोन्ही पाडे मिळून तुमच्याकडे येणार आहेत. दोन्ही पाडे, मिळून! हा सत्कारच, दुसरं काय? चारोटीहून पेढे आणले, शर्टाला इस्त्री केली, खुर्च्या मागून आणल्या.

तीसेक माणसं आली. पेढे वाटून मी उभा राहिलो, म्हणालो, हा मान माझ्या एकट्याचा नाही.

खालच्या पाड्यातली जानीबाई मध्येच म्हणाली, “साहेब, जुना नळ सुरू करा. माझी पोर वरच्या पाड्यात दिलीय. नळावर रोज भेटायची. आता बिनकामाची तिच्या सासूच्या दारात कशी जाऊ?”

“पण तुम्ही तर रोज भांडायचात.”

“भांडायचो. मग हंडे भरून गप्पा मारत बसायचो. तेव्हा तुम्ही आत गेलेले असायचे.”

वहीतले माझे सगळे बाण अर्धेच होते. चहा टाकला. दोनदा टाकला. बायको गेल्यापासून घरात एवढी माणसं बसली नव्हती.

जुना नळ सुरू करणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण मी गंभीर चेहरा करून सांगितलं, फार किचकट आहे, निदान तीन रविवार मीटिंग घ्यावी लागेल.

जानीबाईने माझ्याकडे नीट पाहिलं.

“नळ उद्या सुरू करा साहेब,” ती म्हणाली. “मीटिंगला तसंही येतो आम्ही.”