बदककाकांचा हिवाळा

बदककाका भेटले की माणसाच्या तोंडाकडे नाही, आधी पायांकडे बघायचे. जाड मोजे दिसले नाहीत तर पुढचं बोलणंच बंद. "तू बदक नाहीस, पोरी," म्हणायचे आणि मला घरी पिटाळायचे. मी अमेरिकेत वेस्ट विंडसरला नवी होते, एच-फोरवर, बायकोला नोकरीची मुभा नसलेल्या व्हिसावर. म्हणजे नवरा ऑफिसात आणि माझी इंजिनिअरिंगची डिग्री बॅगेत. काका वरच्या मजल्यावर लेकीकडे राहायचे. अमरावतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं, काकू गेल्यावर लेकीने इकडे आणलेलं. दिवसभर रिकामटेकडे असे आम्ही दोघंच. मग काय, अपार्टमेंटमागच्या तळ्यावर त्यांचा वर्ग भरायचा आणि विद्यार्थिनी मी एकटी.

एवढ्या थंडीत ही बदकं मरत कशी नाहीत, असं मी एकदा विचारलं आणि काका खुलले. पायांत उतरणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं, म्हणून पाय गार राहतात पण पोट गरम, हे त्यांनी मला दोन बोटं एकमेकांना घासून समजावलं. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल बदक चोचीने पिसांना चोपडतं आणि मग पाणी आत शिरत नाही. "पीस कोरडं तोवर बदक जिवंत. ओलं झालं की संपलं," हे त्यांचं पालुपद. मी त्याची नक्कल करायचे, तेही हसायचे.

बदकांना खायला घालणं मात्र त्यांना अजिबात खपत नसे. पितृपक्षात कावळा मिळेना म्हणून आमच्या लोकांनी पानं नेऊन तळ्यावर ठेवली आणि सगळ्यांचे पूर्वज बदकांनीच तृप्त केले. काका भयंकर चिडले. आयतं मिळालं तर ही दक्षिणेला जायची नाहीत, इथेच अडकतील, म्हणाले. म्हातारा कटकट्या आहे, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

दोन हजार चारच्या जानेवारीत तळं गोठलं. मधे एक भोक उरलं, बदकं पोहत राहून उघडं ठेवत होती तेवढंच. ते रोज लहान होत गेलं. शेवटी बाकीची उडून गेली. एका मादीचा पंख दुखावलेला, ती मागे राहिली. ती पोहायची थांबली की भोक मिटणार, हे मलाही कळत होतं. काका सकाळ-संध्याकाळ काठावर उभे असायचे. प्राणी सोडवणाऱ्यांना त्यांनी फोन केला होता. ते सोमवारी येणार होते.

शनिवारी मला राहवेना. काका जेवायला वर गेलेले बघून मी पोळ्या घेऊन गेले. आणि शहाणपण बघा माझं, थंडीत तिच्या अंगात ऊब राहावी म्हणून बाळंतिणीला घालावं तसं तूप थापलं होतं. भोकाच्या कडेपर्यंत तुकडे भिरकावले. तिने अधाशासारखे खाल्ले आणि तीच तुपाळ चोच पिसांवरून फिरवत बसली. मला किती समाधान वाटलं तेव्हा.

रविवारी सकाळी तिच्या पिसांचे चिकटून झुपके झाले होते आणि ती पाण्यात खोल बसली होती. काकांनी काठावरचा एक तुकडा उचलून हुंगला.

"तूप आहे. कुणी घातलं, पोरी?"

मी म्हटलं, माहीत नाही.

ती उद्यापर्यंत टिकायची नाही, म्हणाले. मग मला म्हणाले, थंडी फार आहे, तू घरी जा. मी गेले.

तासाभराने सायरन ऐकू आला. काका शिडी आडवी टाकून बर्फावर गेले होते आणि भोकाजवळचा बर्फ त्यांच्याखाली फुटला. बाहेर काढलं तेव्हा शुद्धीवर होते. चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच वारले. बदकाचं काय झालं ते मी विचारलं नाही, माझी हिंमतच झाली नाही.

तेराव्याला ताईने, म्हणजे त्यांच्या लेकीने, माझा हात धरला. "बाबांना बर्फ कळत होता गं. मग गेलेच कसे? तुला काही म्हणाले होते का?"

मी नाही म्हटलं. तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, इथे बाबांना तुझाच तेवढा आधार होता.

अजूनही दर संक्रांतीला तिचा फोन येतो. आज सांगायचंच असं ठरवून मी उचलते, आणि गोड बोला म्हणून ठेवून देते.

ताई, ते तूप मी घातलं होतं.