वडिलांच्या नावासकट

विनूभाऊ गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी "बरं" म्हणालो आणि हातातलं पत्र टाइप करून संपवलं. दुपारी हॉस्पिटलात फॉर्म भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. अठरा वर्षांची मैत्री, आणि ते नाव मला त्यांच्या पासपोर्टात शोधावं लागलं... दीड महिना झाला. अजून रडू आलेलं नाही.

विनूभाऊ सामंतांचं दुबईत, 'बर दुबई' भागात, पाट्यांचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शारजातल्या एका छोट्या ख्रिस्ती दफनभूमीचं काम त्यांच्याकडे आलं. दुसऱ्या महायुद्धात विमान कोसळून गेलेले तीन पोलिश वैमानिक तिथे पुरलेले. सिमेंटवरची अक्षरं वाळूने खाल्लेली. पोलिश वकिलातीच्या यादीत नाव, आडनाव आणि ओळखीसाठी वडिलांचं नाव होतं. विनूभाऊंनी ती पितळी पाट्यांवर आपल्या रीतीने कोरली. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

पाट्या बसल्यावर वकिलातीतला तरुण अधिकारी हादरला. त्यांच्यात असं लिहीत नाहीत; अनावरणाच्या समारंभाआधी बदला, म्हणाला. विनूभाऊंची इंग्रजी पत्रं मी लिहायचो, तसं माफीचंही लिहिलं.

"बापाशिवाय नाव म्हणजे नुसती हाक झाली, देशपांडे."

"भाऊ, ते पोलंडचे. मालवणचे नव्हेत."

"मग तिकडे बाप नसतात?"

तरीही त्यांनी नव्या पाट्या केल्या. शुक्रवारी सकाळी आम्ही त्या बसवायला गेलो. वाळूवर लाल गालिचा आधीच पसरलेला, तिन्ही कबरींपेक्षा लांब. पण एका कबरीपाशी अधिकाऱ्यासोबत सत्तरीची एक बाई बसली होती. त्या वैमानिकाची बहीण, समारंभासाठी पोलंडहून आलेली. ती पाटीवरच्या मधल्या नावावरून बोट फिरवत होती. अधिकारी तिचं बोलणं आम्हाला इंग्रजीत सांगत गेला. वडिलांनाही त्याच युद्धात धरून नेलं होतं. कुठे पुरलं, घरी कधी कळलं नाही. त्यांचं नाव कोरलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

विनूभाऊंच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. अधिकाऱ्याने एकदा त्याकडे पाहिलं, एकदा बाईच्या बोटाकडे. मग इंग्रजीतच म्हणाला, "राहू द्या. तिन्ही."

"खलास," विनूभाऊ म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर खिशात गेला.

नंतर भाषणं झाली. ती गालिच्याहून लांब होती. वक्त्यांनी शौर्याबद्दल पुष्कळ सांगितलं, तिघांची नावं मात्र कागदात बघून वाचली. गालिचा दुपारीच गुंडाळला गेला. पाट्यांसाठी पुन्हा कोणी आलं नाही. विनूभाऊ मात्र महिन्यातून एका शुक्रवारी चिंचेचा कोळ घेऊन जात आणि पितळ घासत. मी सोबत जाई, सावलीत पेपर वाचत बसे. "हात लावा की जरा," ते म्हणत. मी पान उलटे.

त्यांना जबल अलीच्या स्मशानात अग्नी दिला. अस्थी मालवणला गेल्या. शहरभर लोकांची नावं लावणाऱ्या या माणसाच्या नावाची पाटी कुठेच नाही. दुकानावरही नुसतं 'साइन्स' लिहिलंय.

मागच्या शुक्रवारी विनूभाऊंच्या पत्नी सुनंदावहिनींनी त्यांचा चिंचेचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "पितळ काळं पडलं असेल," एवढंच म्हणाल्या. मी एकटाच गेलो. तिन्ही पाट्या घासल्या. हात आंबट झाले. झाकण लावताना त्यावर मशीनने कोरलेली बारीक अक्षरं दिसली, भांड्यांवर घालतात तशी. वि. ग. सामंत.

ग म्हणजे गणेश. आता मला माहीत आहे.