घोड्यावरचा टाक

टाक म्हणजे काय हे आजकालच्या पोरींले सांगावं लागते, म्हणून सांगते. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती कोरून देवघरात बसवत. बाई असली तर उभी, पुरुष असला तर घोड्यावर, हातात तलवार. जन्मभर तो बैलबंडीत का बसला असेना, टाकावर घोडाच.

आमचे बाबा सोनार. गाव दारव्ह्याकडचं. राजाचं राज्य सरकारात गेलं होतं, पण गढीत राजा-राणी राहत आणि गाव त्यांच्यापुढे वाकतच होतं. त्यांचा एकुलता एक कुंवर घोड्यावरून पडून गेला. माझ्या भावाएवढाच होता. राणीसायबानं त्याचा टाक बाबांले करायले सांगितला.

बाबांनी लय जीव लावला त्या कामात. ठोकताना पत्रा हलू नये म्हणून तो तापवलेल्या राळेवर बसवला, सगळ्यात बारीक छिन्नी घेतली आणि कुंवराच्या कपाळावर यायची ती बट हुबेहूब उतरवली. मायनं पाहिला, मी पाहिला, भावानं तर पुसून चकाकवला. भाऊ तेव्हा बाबांजवळ बसून काम शिकत होता. दुकान पुढं त्याच्याच हातानं चालायचं होतं. आम्ही सारे त्या बटीचंच कौतुक करत राहिलो. खालचा घोडा कोणाच्या ध्यानातच आला नाही, पाहा. तो तर प्रत्येक टाकावर असतोच.

गढीच्या अंगणात बाबांनी टाक पुढं केला. आम्ही मागं उभे. राणीसायबानं तो हातात घेऊन न्याहाळला. मग हळूच म्हणाल्या, "ज्यानं मारला, त्याच्यावरच बसवला त्याले?"

बाबांचं तोंड उतरलं. रीत हाये तशी, एवढंच कसंबसं बोलले.

"रीत हाये ना? मग तुझ्या पोराले बसव."

तोच घोडा आणवला. बाबांनी पाय धरले, टाक वितळवतो म्हणाले, नवा करतो म्हणाले. राजेसायब दुसरीकडं पाहत होते. नोकरानं भावाले उचलून वर ठेवलं. घोडा गाईसारखा गरीब चालला. मले वाटलं, सुटलो. पण त्याचं ते नीट चालणंच राणीसायबाले सोसलं नाही. माझंच लेकरू पाडायचं होतं काय याले, म्हणाल्या, आणि नोकराले चाबकाची खूण केली.

भाऊ उजव्या हातावर पडला. कोपर उलटं फिरलं. माय धावली तर राणीसायबानं तिच्याकडं पाहिलंही नाही. टाक कपाळाले लावला आणि देवघराकडं निघाल्या.

"असू दे घोडा," म्हणाल्या.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि साफ सांगितलं, या बोटांत छिन्नी आता राहायची नाही. घरी आल्यावर माय बाबांले एकच बोलली, "तुमच्या हाताले दुसरं काहीच येत नव्हतं काय?" बाबा भट्टीतली राख उकरत राहिले.

सांजेले गढीवरून वाटीभर तूप आलं, लेकराच्या हातासाठी. शेजारणी दारात येऊन सांगत होत्या, राणीसायबाचं मन केवढं मोठं! मले वाटलं, माय वाटी उकिरड्यावर भिरकावते. पण आमच्या घरी तूप होतं कुठं? तिनं गरम दुधात हळद घातली, त्यात ते तूप सोडलं आणि भावाचं डोकं मांडीवर घेतलं.

"पी बाबू," म्हणाली. "हाड लवकर जुळते."